बाळंतिणीच्या खोलीतलं वाघूळ

दिवेलागणीला वाघूळ खोलीत शिरलं, आणि सीताराम परबाच्या घरात समितीचं राज्य संपलं.

समितीचं राज्य म्हणजे काय, तर त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला संयुक्त महाराष्ट्राचं पोस्टर होतं आणि निवडणुकीचा उरलेला गुलाल पत्र्याच्या डब्यात होता. निवडणूक होऊन पंधरा दिवस झाले होते. लालबागच्या या चाळीत सीतारामने घरोघरी जाऊन मतं मागितली होती. भाषणंही ठोकली होती. कामगाराला जात नसते, असं तो कठड्यावर हात आपटून सांगायचा आणि खालून पोरं टाळ्या वाजवायची. टाळ्या मिळाल्या की माणसाला वाटतं, आपण बोललो ते आपण झालोही.

खोली तिसऱ्या मजल्यावर, कौलांच्या खाली. बायको कौसल्या बाळंत होऊन आठ दिवस झाले होते. ती भिंतीकडच्या खाटेवर, पोर कुशीत. बाळंतपणासाठी मालवणहून आलेली सासू, सुंदराबाई, शेगडीपाशी शेपा भाजत बसली होती. कौलांच्या फटीतून ते काळं एवढंसं वाघूळ आत पडलं, दिव्याभोवती दोन गिरक्या मारल्या आणि खाटेच्या वर, वाशाला उलटं लटकलं.

सुंदराबाईने हातातली पळी खाली ठेवली.

"सीतारामा, ह्या बरा न्हय. बाळंतिणीच्या खोलयेत वाघूळ इला."

"आलं तर आलं. झाडूने हाकलतो."

"हात लावशीत तर बघ. मारलंस तर घरातला मानूस जाता. आमच्या गावात असला काय इला की म्हाराक बोलावतत. तो धरून शिवेभायर न्हेता. नारळ घेता आनि जाता. मग काय ती पीडा तेच्याबरोबर जाता."

"आई, ही मुंबई आहे."

"मुंबयत म्हार नाय?"

कौसल्येने पोराच्या डोक्यावर पदर ओढला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नुसत्या नजरेने तिने सांगितलं की आईचं ऐका. आदल्या साली तिचं एक मूल चार दिवसांचं होऊन गेलं होतं. त्या मुलानंतर या खोलीत हसण्याचा आवाज व्हायला वर्ष लागलं. सीतारामच्या डोळ्यांपुढे ते मूल आलं आणि त्याने सदरा चढवला.

जिना उतरता उतरताच त्याने कारण तयार केलं. करी रोडचा पूल ओलांडून डिलाइल रोडच्या बीडीडी चाळीत कोंडीराम भालेराव राहायचा. सीतारामच्याच मिलमध्ये, सूत काढायच्या रिंग खात्यात बदली कामगार; रोज सकाळी गेटावर हजर राहायचं, कुणी रजेवर असलं तरच काम. निवडणुकीत दोघांनी मिळून महिनाभर भिंती रंगवल्या होत्या, रंगाची बादली एकाच्या हातात, कुंचा दुसऱ्याच्या. एका कागदात भजी खाल्ली होती. सीताराम साळखात्यातला. कोंडीरामला साळखात्यात कधीच घेतलं नसतं, कारण तिथे धोट्याला तोंड लावून धागा ओढावा लागतो, आणि महाराने तोंड लावलेला धोटा दुसरा विणकर तोंडात धरत नाही. यावर सीताराम म्हणायचा, "थांब, युनियनच्या कमिटीत विषय काढतो." तो विषय अजून काढायचाच होता.

पण कोंडीरामला वाघळांची माहिती होती हे मात्र खरं. कापसाच्या गोदामात त्याने चार वर्षं काढली होती. तिथे वाघळं शेकड्यांनी असायची. ती कशी घालवायची हे त्याने भिंत रंगवताना रंगात येऊन सांगितलं होतं. सीतारामला आता ते कामाला आलं. त्याचं खोटं खऱ्याच्या कापडात गुंडाळलेलं होतं, म्हणून ते बोलायला सोपं गेलं.

"तुला त्यातली माहिती आहे, म्हणून आलो," तो दारात उभा राहून म्हणाला. "बाळंतीण घाबरलीय रे."

कोंडीराम जेवायला बसत होता. त्याची बायको राधा ताट वाढत होती. बाबासाहेब जाऊन चार महिनेही झाले नव्हते. भिंतीवरच्या तसबिरीला ताजा हार होता.

"इथूनच सांगून भागेल," राधा म्हणाली. "दिवा मालवा, खिडकी उघडा, बाहेर व्हा. इतकंच तर आहे."

"लहान पोर आहे, राधाबाई."

पोराचं नाव काढल्यावर कोंडीराम उठला. ताट झाकून ठेवायला सांगितलं आणि टोपी घातली.

चाळीत आल्यावर तो उंबऱ्याबाहेरच थांबला. कुणी थांबवलं नव्हतं. सीतारामने "आत ये" म्हटलं, पण एवढ्या हळू की ते सासूला ऐकू जाऊ नये. कोंडीरामने मान आत घालून वर पाहिलं.

"किती वेळ झाला?"

"तासभर."

"पोर एकटं झोपलेलं नव्हतं ना खोलीत? बरं. तरी वहिनी, दिव्याखाली घेऊन बघा. बोटं, मान, कानामागं. एवढासा ओरखडाही नको. याचे दात टाचणीसारखे, दिसत नाहीत."

कौसल्येने पोराला उघडं केलं, बोट न बोट पाहिलं. काही नव्हतं.

"झालं तर मग. आता तुम्ही पोराला घेऊन शेजारच्या खोलीत बसा. इथलं दार लावा, फटीत फडकं कोंबा. गल्लीकडची खिडकी सताड उघडी टाका. दिवा मालवा. अर्धा तास कुणी आत यायचं नाही. ते आपलं आपण जातं, त्याला काय हौस आहे आपल्यात राहायची? हात लावायचा नाही, झाडू मारायचा नाही. आणि वरची फट आज बुजवायची नाही बरं का. आत पिलं असली तर कोंडून मरतील, घाण सुटेल. आठवडाभर संध्याकाळी बघा, बाहेर गेली की परत आत यायला वाट ठेवायची नाही."

किती साधं होतं. सीताराम नंतर कितीदा तरी हेच मनाशी बोलला. दिवा मालवायचा, खिडकी उघडायची, अर्धा तास. पण सुंदराबाई शेगडीपासून हलली नाही.

"आपणान गेला तर परत येतला," ती जावयाला म्हणाली. कोंडीरामकडे तिने पाहिलंही नाही. "धरून न्हेवक व्हया. तेका सांग."

"काय म्हणतायत?" कोंडीरामने विचारलं.

"काही नाही. म्हणतायत धरूनच ने. तुझा हात सवयीचा आहे."

"सवयीचा हात म्हणूनच सांगतोय, धरायचं नसतं."

"कोंडीराम, माझ्यासाठी. म्हातारी ऐकत नाही."

कोंडीरामने पुन्हा वाशाकडे पाहिलं. मग म्हणाला, "जाड काहीतरी दे. घोंगडी दे. आणि एक डबा."

घोंगडी ट्रंकेवर घडी घालून ठेवली होती. सीतारामचा हात पोचेल एवढ्या अंतरावर. त्याने सासूकडे पाहिलं. ती घोंगडी बाळंतिणीच्या पायावर घालायची होती. सुंदराबाईने मान हलवली, खुंटीवरचा जुन्या लुगड्याचा विरलेला तुकडा ओढला आणि उंबऱ्यावर टाकला. तो तुकडा फेकून देण्यातला होता. त्याच्या हातून परत घ्यायला नको. घोंगडी घ्यावी लागली असती. डब्याचंही तसंच.

हे सगळं सीतारामला त्या क्षणी कळलं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय त्याला कधीच मिळाली नाही. तो वाकला, तुकडा उचलला आणि कोंडीरामच्या हातात दिला.

"एवढंच आहे?"

"एवढंच आहे."

कोंडीराम आत आला. स्टुलावर चढला, फडकं दोन्ही हातांवर पसरलं आणि वाशावरचं वाघूळ अलगद झाकून घेतलं. ते चिरकलं. बारीक, कानात सुई जावी तसं. तो उतरला, हात छातीपासून लांब धरून दाराकडे वळला. उंबऱ्यावर सुंदराबाईने एवढ्यात केळीचं पान मांडलं होतं. पानावर नारळ, कुंकवाने माखलेला, आणि मूठभर भात.

"ह्या घेऊन जा म्हणा तेका," सुंदराबाई म्हणाली. "आनि मागे बघू नको म्हणा."

कोंडीराम थांबला.

"सीताराम, हे काय आहे?"

"अरे म्हातारी माणसं. काही नाही ते."

"हे काय आहे, विचारतोय."

कोंडीराम नागपूरला जाऊन आला होता. पांढरे कपडे घालून, लाखो माणसांत उभा राहून त्याने सांगितलं होतं की हे आता नाही, पुन्हा नाही. आणि सहा महिन्यांच्या आत तो मित्राच्या दारात गावाची पीडा हातात घेऊन उभा होता, समोर तिचा उतारा मांडलेला. त्याचे दोन्ही हात आवळले गेले. आवळलेल्या वाघळाने विरल्या कापडातून त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी दात लावले.

त्याने हात सोडले नाहीत. खोलीत आठ दिवसांचं पोर होतं. पानाला वळसा घालून तो बाहेर पडला आणि तीन मजले तसाच उतरला. सीताराम कठड्यावरून बघत होता. खाली कोंडीरामने आवाराच्या भिंतीवर, उंचावर फडकं उलगडलं, वाघूळ काठापर्यंत सरपटलं आणि उडालं. मग तो सार्वजनिक नळावर गेला, तिथली साबणाची चिपटी घेतली आणि अंगठा धूत बसला. धूतच राहिला. भांडी घासायला आलेल्या बायका खोळंबल्या. एकदाही त्याने वर पाहिलं नाही.

सीताराम खाली गेला नाही. काय सांगायचं ते सुचलं की जाऊ, असं तो ठरवत राहिला, आणि तोवर कोंडीराम निघून गेला.

"नारळ थंयच रवलो," सुंदराबाई म्हणाली.

तीन दिवस मिलच्या गेटावर बदल्या भरताना कोंडीराम दिसला नाही. चौथ्या दिवशी सीतारामने रिंग खात्यातल्या गणपतला विचारलं.

"त्याला पोटात सुया चालू आहेत," गणपत म्हणाला. "चौदा. काहीतरी चावलंय. तुला माहीत नाही? तू तर त्याचा दोस्त."

पाळी सुटल्यावर सीताराम बीडीडी चाळीत गेला. राधाने दार उघडलं आणि वाट अडवून उभी राहिली.

"आता काय शिरलं घरात?"

"राधाबाई, मला भेटू द्या."

"भेटा. मात्र उठवून बसवू नका त्यांना. पोट दगडासारखं झालंय."

कोंडीराम कुशीवर पडला होता. अंगठ्याला पट्टी. तो सरळ कामाचंच बोलला. डॉक्टरने विचारलं, कुत्रा? तो म्हणाला, वाघूळ. डॉक्टर म्हणाला, जनावर सोडून दिलं ना, मग धोका घ्यायचा नाही, रोज सकाळी सुई. सकाळी सुई म्हणजे सकाळी गेटावर हजेरी नाही. हजेरी नाही म्हणजे बदलीचं कार्ड रद्द. लेबर ऑफिसर म्हणाला, दवाखान्याचा कागद आण आणि ज्याच्या घरी चावलं त्याचं लेखी आण, नाहीतर तू गावाला जाऊन बसला होतास असं धरू. शनिवारपर्यंत.

"मी देतो लिहून. आत्ता देतो." सीतारामला एकदम हलकं वाटलं. काहीतरी करता येण्यासारखं होतं. राधाने वहीचा कागद दिला. त्याने लिहिलं आणि वाचून दाखवलं: "कोंडीराम भालेराव हे माझे मित्र असून मदत करण्यास माझ्या घरी आले असता..."

"मित्र खोड," कोंडीराम म्हणाला.

"अरे पण..."

"तू मला मित्र म्हणून बोलावलंस?"

सीतारामने तो शब्द खोडला.

"मला माहिती आहे म्हणून बोलावलंस? मग मी सांगितलेलं का नाही केलंस? दिवा मालवायला तुझ्या बापाचं काय जात होतं?" आवाज चढला नव्हता. पोटावर हात दाबून तो एकेक शब्द काढत होता. "झालं तसं लिही. खोट्यावर मला कार्ड नको."

"तसं लिहिलं तर कायदा आहे, कोंडीराम. अस्पृश्यतेविरुद्धचा नवा कायदा. मला आत टाकतील."

"कायदा कुणी आणला ते ठाऊक आहे. तुझा तू ठरव. शनिवार आहे."

सीताराम दोन रात्री झोपला नाही असं म्हणायला पाहिजे. पण तो झोपला. पोर रडलं की उठायचा, परत झोपायचा. जागेपणी मात्र त्याला काही सुचत नव्हतं. मागावर धागा तुटला की धोटा तोंडाला लावताना त्याला कोंडीराम आठवायचा. शनिवारी सकाळी त्याने चाळीच्या जिन्यात बसून नवा कागद लिहिला.

"मी सीताराम परब, साळखाता. माझ्या खोलीत वाघूळ आले. ते धरून नेण्यास मी कोंडीराम भालेराव यांस बोलाविले. त्यांस माहिती आहे असे मी सांगितले. ते महार आहेत म्हणून बोलाविले हे खरे कारण. धरू नका असे ते म्हणाले, मी भाग पाडले. घोंगडी मागितली, ती असून दिली नाही. म्हणून चावले." खाली सही.

लेबर ऑफिसरने चष्मा वर करून तो दोनदा वाचला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? असलं कोण लिहून देतं?"

"खरं आहे, साहेब."

"खऱ्याचं मला काय लोणचं घालायचंय? हे फाइलला लागलं तर उद्या पोलीस गेटावर. समितीवाले, दलित फेडरेशनवाले, सगळे माझ्या डोक्यावर." त्याने कागद परत सारला, एक छापील फॉर्म ओढला आणि इंग्रजीत भराभर दोन ओळी खरडल्या. "मित्राच्या घरी मदत करताना अपघात. कर सही. त्याचं कार्ड राहतं, तुझं घर राहतं, माझं डोकं राहतं."

सीतारामने सही केली. कोंडीरामचं कार्ड वाचावं म्हणून केली, हे खरं. पण ऑफिसरने तो पहिला कागद परत सारला तेव्हा त्याच्या छातीतून जो सुस्कारा निघाला, तो कोंडीरामच्या कार्डासाठी नव्हता. सुटलो, असं त्याला वाटलं होतं. टेबलावर, साहेबासमोर, उभ्या उभ्या. त्या सुस्काऱ्याची त्याला उतारा मांडलेल्या पानापेक्षा जास्त शरम वाटली. पान सासूचं होतं. सुस्कारा त्याचा होता.

संध्याकाळी तो कोंडीरामसमोर उभा राहिला.

"कार्ड राहिलं."

"काय लिहिलंस?"

"साहेबाने लिहिलं. मित्राच्या घरी अपघात. मी सही केली."

राधा हसली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. "घ्या. मिलने मैत्री लावून दिली."

"तू लिहिलेलं काय झालं?" कोंडीरामने विचारलं.

"लिहिलं होतं. झालं तसं. त्याने घेतलं नाही."

"कुठाय?"

सीतारामचा हात खिशाशी गेला आणि तिथेच थांबला. कागद चौघडी होता, बोटांना लागत होता. हा कागद या खोलीत राहिला तर उद्या, परवा, पाच वर्षांनी, कधीही बाहेर निघेल. कोंडीरामला वाटेल तेव्हा. कौसल्या, पोर, मागावरची जागा, कमिटी, कठड्यावरची भाषणं. फाडला म्हणून सांगावं, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. राधा त्याच्या खिशाकडे बघत होती.

त्याने कागद काढून दिला.

कोंडीरामने तो वाचला, सावकाश, ओठ हलवत. घोंगडीच्या ओळीवर थांबला.

"होती, म्हणजे?"

"ट्रंकेवर होती."

"मला दिसली होती," कोंडीराम म्हणाला. कागद मिटून त्याने राधाकडे दिला आणि तिने तो कपाटात, कुलपाच्या कप्प्यात ठेवला. "मी पोलिसात जाईन का, विचारू नकोस. जाईन, नाहीतर नाही जाणार. माझं मी बघेन. आता नीघ. उद्या सातवी सुई आहे."

सीताराम घरी आला. कौसल्या पोराला पाजत होती. सुंदराबाईने विचारलं, "खय गेल्लंस?"

त्याने सगळं सांगितलं. कागद, साहेब, कपाटातलं कुलूप. सुंदराबाईने कपाळावर हात मारला. "आपल्याच हातान लिवन दिलंस? पिसो झालंस काय?"

कौसल्या पोराकडे बघत बोलली.

"माझा नाव घातलात?"

"तुझं कशाला?"

"मी खाटयेर बसललंय. घोंगडी माकाय दिसत होती."

सीतारामने ट्रंकेकडे पाहिलं. ती पोराला या अंगावरून त्या अंगावर घेत म्हणाली, "परत गेलात तर माझा नाव घालून येवा."